चंद्र, कमळ, हरिणी आणि ती: प्रेमकवितेतली उपमा नेमकं काय सांगते?

अनवट

प्रेमकवितेतल्या उपमा आपल्याला इतक्या लहानपणापासून पाठ असतात की त्यांच्याकडे नीट बघायचं राहूनच जातं. मुख चंद्रासारखं, डोळे हरिणीसारखे, ओठ पिकल्या तोंडल्यासारखे, चाल हंसासारखी. शाळेत त्याचे चार खण पाडून दिले जातात. मुख हे उपमेय, चंद्र हे उपमान, सौंदर्य हा साधारण धर्म आणि 'सारखं' हा साम्यवाचक शब्द. गुण मिळतात आणि विषय संपतो. पुढे जन्मभर आपण धरून चालतो की उपमा म्हणजे दोन वस्तू शेजारी ठेवून दाखवलेलं साम्य, आणि कवी तिचं रूप कसं आहे ते सांगतो आहे.

मला हे पटत नाही. चांगल्या प्रेमकवितेतली उपमा तिच्या आकाराबद्दल फार थोडं सांगते. निसर्गातली ती गोष्ट वागते कशी, आणि बघणारा तिच्यापासून किती लांब उभा आहे, हे ती सांगते. हे ज्या उपमेत उरलेलं नाही ती मेलेली, मग तिच्यात चंद्र असो की आणखी काही.

मेघदूतातल्या 'तन्वी श्यामा शिखरिदशना' या श्लोकात कालिदास 'चकितहरिणीप्रेक्षणा' म्हणतो. हरिणीचा डोळा मोठा, काळा, पाणीदार असतो, आणि नुसतं मृगनयना म्हणूनही काम भागलं असतं. पण त्याला डोळा नको आहे, नजर हवी आहे, आणि तीही दचकलेल्या हरिणीची. चाहूल लागली की हरीण आधी जागच्या जागी थिजतं, मान वळवतं, कान उभे करतं, आणि पुढच्या क्षणी पळेल की थांबेल ते त्यालाही ठाऊक नसतं. त्या एका विशेषणामुळे उपमेत काळ आला. आता ती कुणाची तरी चाहूल लागलेली बाई आहे.

पुढे त्याच काव्यात यक्ष म्हणतो:

श्यामास्वङ्गं चकितहरिणीप्रेक्षणे दृष्टिपातं
वक्त्रच्छायां शशिनि शिखिनां बर्हभारेषु केशान् ।
उत्पश्यामि प्रतनुषु नदीवीचिषु भ्रूविलासान्
हन्तैकस्मिन्क्वचिदपि न ते चण्डि सादृश्यमस्ति ॥

प्रियंगूच्या वेलींत तुझं अंग दिसतं, हरिणीच्या बघण्यात तुझी नजर, चंद्रात मुखाची कांती, मोरांच्या पिसाऱ्यात केस, नदीच्या बारीक लाटांत भुवयांचे विभ्रम. पण हाय, कुठेही एका जागी तुझं साम्य म्हणून नाही. यातल्या उपमा सगळ्या जुन्याच आहेत. नवी आहे ती त्यांची पांगापांग. तो वर्षभरासाठी तिच्यापासून तोडला गेला आहे आणि ती त्याला तुकड्यातुकड्यांनीच मिळते आहे.

आता याच कवीचा कुमारसंभवातला पहिला सर्ग घ्या. पार्वतीचं वर्णन करून झाल्यावर तो म्हणतो की उपमा देण्याजोगं जगात जे जे आहे ते सगळं गोळा करून, जागच्या जागी बसवून, विश्वकर्त्याने हिला प्रयत्नपूर्वक घडवलं; जणू सगळं सौंदर्य एका ठिकाणी बघायची त्याला इच्छा झाली होती. एकीकडे 'सगळं एकाच जागी', दुसरीकडे 'कुठेच एका जागी नाही'. साहित्य तेच, कवी तोच. फरक इतकाच की पार्वती डोळ्यांसमोर वाढते आहे आणि यक्षाची बायको दूर अलका नगरीत आहे. उपमा अंतर मोजते असं मी म्हणतो ते यावरून.

तुमच्या वाचनातली उदाहरणं द्या. विरोधी असतील तर आधी द्या.

जुनी वही

मांडणी आवडली, पण जुन्या उपमांना 'मेलेल्या' ठरवण्याची घाई होते आहे असं वाटतं. आपल्याकडच्या कवींना उपमान नवं असावं अशी हौसच नव्हती. राजशेखराच्या काव्यमीमांसेत कविसमयांची, म्हणजे कवींनी आपसात मान्य केलेल्या संकेतांची, सविस्तर चर्चा आहे. चकोर चांदणं पितो, चक्रवाकाची जोडी रात्री ताटातूट सोसते, सुंदरीच्या लाथेने अशोक फुलतो. हे कुठल्याही रानात घडत नाही हे त्या कवींनाही माहीत होतं. पण ऐकणाऱ्यालाही तेच ठाऊक असल्यामुळे कवीला पाया घालत बसावं लागत नव्हतं, त्याला एकदम वरचं बांधकाम सुरू करता येत होतं.

अप्पय्य दीक्षितांच्या चित्रमीमांसेत फार सुंदर म्हटलं आहे की उपमा ही एकच नटी आहे, ती वेगवेगळ्या भूमिका घेऊन काव्याच्या रंगभूमीवर नाचते. मग ते मुख आणि चंद्र ही एवढीच जोडी घेऊन ते दाखवतातही. मराठीत करून बघा. मुख चंद्रासारखं आहे, ही उपमा. मुखचंद्र उगवला, रूपक. हे मुख नव्हे, चंद्रच, अपन्हुती. हे मुख की चंद्र, ससंदेह. तिचं मुख बघून चकोर झेपावला, भ्रांतिमान. चंद्राला डाग आहे, हिच्या मुखाला नाही, व्यतिरेक. चंद्र हिच्या मुखासारखा आहे, प्रतीप. हिच्या मुखासारखं हिचंच मुख, अनन्वय. उपमान एकच, पण बोलणाऱ्याच्या मनाची अवस्था दर वेळी वेगळी. ससंदेहातला माणूस गोंधळलेला आहे, व्यतिरेकातला भांडायला उभा आहे, अनन्वयातल्याने हात टेकले आहेत. म्हणजे अनवट, तुमचं 'बघणारा कुठे उभा आहे' हे म्हणणं आपल्या अलंकारशास्त्रात आधीच बसलेलं आहे. फक्त शाळेत ती व्याख्यांची यादी होऊन गेली.

कुमारसंभवाचा विषय निघालाच आहे तर त्याच सर्गातला माझा सर्वांत लाडका श्लोक:

चन्द्रं गता पद्मगुणान्न भुङ्क्ते पद्माश्रिता चान्द्रमसीमभिख्याम् ।
उमामुखं तु प्रतिपद्य लोला द्विसंश्रयां प्रीतिमवाप लक्ष्मीः ॥

शोभेची देवता लक्ष्मी चंद्रात राहायला गेली तर तिला कमळाचे गुण मिळेनात, कमळात गेली तर चंद्राची कांती मिळेना, कारण कमळ रात्री मिटतं आणि चंद्र दिवसा फिका. दोघांचा संसार एका वेळी होतच नाही. ती चंचल लक्ष्मी उमेच्या मुखाशी आली आणि तिला दोन्ही सुखं एकदम मिळाली. मुखाला चंद्र म्हणणं शिळं, कमळ म्हणणंही शिळं. पण या दोन शिळ्या उपमांचं आपसात पटत नाही हे या माणसाच्या लक्षात आलं, आणि त्या वैरातून त्याने श्लोक उभा केला.

आडवाट

दोन्ही प्रतिसाद वाचून भूक चाळवली. कुमारसंभवातच मांड्यांच्या वर्णनात तो म्हणतो ना, की हत्तीच्या सोंडेची कातडी खरखरीत आणि केळीचा खांब कायमचा गार, म्हणून रूप आकाराने जुळत असूनही दोन्ही उपमान म्हणून बाद? उपमान हाताने चाचपून बघणारा कवी आहे हा. कातडीचा स्पर्श आणि खांबाचं तापमान बघून निकाल देतो.

रानवारा

संस्कृतच्या बाहेर जरा दक्षिणेकडे बघूया का? तमिळ संगम साहित्यातल्या प्रेमकवितेचा (तिकडे 'अहम्' म्हणजे आतलं जग) हिशेबच निराळा आहे. तिथे निसर्ग तिच्या अवयवांना जोडत नाहीत, प्रसंगाला जोडतात. पाच भूप्रदेश, प्रत्येकाला एका झाडाचं किंवा फुलाचं नाव, आणि प्रत्येकाशी प्रेमाची एक अवस्था बांधलेली. कुरिंजी म्हणजे डोंगर, तिथे मीलन. मुल्लै म्हणजे रान, तिथे धीराने वाट बघणं. मरुदम् म्हणजे शेतीवाडी, तिथे रुसवा आणि भांडण. नेय्दल म्हणजे समुद्रकाठ, तिथे झुरणं. पालै म्हणजे रखरखीत वाट, तिथे ताटातूट. कवितेत नुसतं डोंगराचं फूल आलं की ऐकणाऱ्याला प्रेम कुठल्या टप्प्यावर आहे ते कळतं.

कुरुंतोहै या संग्रहातली चाळिसावी कविता याहून साधी आहे. तिचा आशय असा: माझी आई आणि तुझी आई एकमेकींच्या कोण? माझे वडील आणि तुझे वडील कुठल्या नात्याचे? तू आणि मी तरी एकमेकांना कुठून ओळखत होतो? तरी लाल मातीवर पडलेल्या पावसासारखी आपली मनं एकमेकांत मिसळली.

ती कशी दिसते याबद्दल एक अक्षर नाही. गोरी की सावळी, डोळे कसे, काही नाही. तरी मला ती प्रेमकवितेतल्या सर्वोत्तम निसर्गउपमांपैकी एक वाटते, कारण लाल मातीत पडलेलं पाणी पुन्हा वेगळं काढून दाखवता येत नाही. पाण्याला मातीचा रंग येतो, मातीला पाण्याचा ओलावा. या कवीचं खरं नाव राहिलं नाही. 'लाल मातीतल्या पावसाच्या पाण्याचा कवी' याच नावाने परंपरा त्याला ओळखते.

आणि हे फक्त तमिळमध्ये आहे असं समजू नका. हालाच्या गाथासप्तशतीतली, आपल्या महाराष्ट्री प्राकृतातली ती बगळीची गाथा आठवा. एक स्त्री तिच्या प्रियकराला म्हणते: बघ, कमळाच्या पानावर बगळी कशी जराही न हलता शोभते आहे, जणू निर्मळ पाचूच्या ताटात ठेवलेली शंखाची शिंपली. वरवर नुसतं निसर्गचित्र. पण मम्मटाने काव्यप्रकाशात त्यातलं मर्म उलगडलं आहे. बगळी हलत नाही म्हणजे ती निर्धास्त आहे. निर्धास्त आहे म्हणजे आसपास माणूस नाही. म्हणजेच भेटायला ही जागा उत्तम आहे. तो पुढे दुसरा अर्थही देतो: तू इथे येऊन गेलास म्हणतोस ते खोटं, आला असतास तर ही उडाली असती! अख्खी प्रेमकथा एका न हललेल्या पक्ष्यावर तोललेली.

निशिगंध

बगळीची गाथा माहीत होती, दुसरा अर्थ माहीत नव्हता. वाचनखूण साठवली.

मुक्तछंद

सगळे प्रतिसाद आवडीने वाचले, पण एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून लिहिते. या उपमांमध्ये बाईला काय काय केलं आहे ते एकदा सलग वाचा. फूल, फळ, वेल, कोवळी पालवी, मध, जमीन. यातली प्रत्येक गोष्ट खुडायची, चाखायची, आधार द्यायची किंवा नांगरायची आहे. एकीलाही तोंड नाही. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात दुष्यंत म्हणतो, 'अनाघ्रातं पुष्पं किसलयमलूनं कररुहैः'. न हुंगलेलं फूल, नखांनी न खुडलेली पालवी, न वेधलेलं रत्न, न चाखलेला नवा मध. आणि शेवटी विचारतो काय, तर विधाता हिचा भोक्ता म्हणून कुणाला पुढे आणणार आहे कोण जाणे! इतकं देखणं काव्य, आणि त्याचा सगळा रोख मालकी कुणाची याच्याकडे. चिलीचा कवी नेरुदा याच्या १९२४ सालच्या संग्रहातली पहिलीच कविता बघा. बाईचं शरीर म्हणजे पांढऱ्या टेकड्या, आणि तो स्वतः ती जमीन खोदणारा शेतकरी. दीडेक हजार वर्षं मध्ये गेली, समुद्र मध्ये आला, आणि कल्पना जागची हलली नाही.

अनवट, तुम्ही म्हणता बघणारा किती लांब आहे ते उपमा सांगते. मान्य. पण बघणारा नेहमी तोच का? आणि तिला काय वाटतं हे सांगणारी उपमा कुठे आहे? तुमची चकित हरिणी कशामुळे चकित झाली आहे, हेही विचारायला हवं. हरिणी सौंदर्य दाखवण्यासाठी दचकत नाही, ती भीतीने दचकते.

अनवट

मुक्तछंद, या प्रश्नाला मला सरळ भिडायचं आहे, कारण तो धाग्याच्या मुळाशी जातो.

हरिणी भीतीने दचकते, हे बरोबर. आणि कालिदासाला ते माहीत होतं असं मी मानतो. शाकुंतलाचा पहिला प्रवेश आठवा. दुष्यंत रथातून एका हरणाचा पाठलाग करतो आहे. 'ग्रीवाभङ्गाभिरामं' हा श्लोक त्या हरणाचा आहे: मान सुंदर वळवून ते पुन्हा पुन्हा मागे येणाऱ्या रथाकडे बघतं, बाण लागेल म्हणून मागचं अंग पुढे ओढून घेतं, दमून उघड्या पडलेल्या तोंडातून अर्धवट चघळलेले दर्भ वाटेवर सांडतात. इतक्या करुण गोष्टीला राजा 'अभिराम' म्हणतो आहे. तेवढ्यात तापस आडवे येतात, की हे आश्रमातलं हरीण आहे, याला मारायचं नाही. त्यानंतर काही वेळातच त्याला शकुंतला दिसते. नाटककाराने हरीण आणि मुलगी एकापाठोपाठ एक, त्याच शिकाऱ्यासमोर आणून ठेवली आहेत. हे अनवधानाने झालं असेल असं मला वाटत नाही.

आणि तुम्ही दिलेल्या फुलाच्या श्लोकाचं पुढे काय होतं? पाचव्या अंकात तोच माणूस तिला ओळखत नाही. दुर्वासांचा शाप आहे, अंगठी हरवली आहे, सगळं खरं. पण ज्याने तिला फूल, पालवी, रत्न, मध अशी इतकी नावं दिली त्याच्याजवळ ती समोर उभी राहिल्यावर ओळखीचं एकही चिन्ह उरलेलं नसतं. भर दरबारात ती त्याला 'अनार्य' म्हणते. तोंड नसलेली वस्तू तिथे बोलते. तेव्हा दुष्यंताच्या उपमा आणि कालिदासाचं मत एकच धरू नये, एवढं माझं म्हणणं. नाटकातली उपमा पात्राची साक्ष असते.

पण 'बघणारा नेहमी तोच का' याला माझ्याकडे संस्कृतातून पुरेसं उत्तर नाही. दुसऱ्या कुणाकडे असेल तर वाचायला आवडेल.

निशिगंध

माझ्याकडे थोडं आहे, संस्कृतबाहेरचं. ग्रीक कवयित्री सॅफो, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आसपासची. तिच्या फार थोड्या ओळी शिल्लक आहेत. त्यातल्या एका तुकड्यात एका मुलीला झाडाच्या सगळ्यांत उंच फांदीच्या टोकावर लाल होत चाललेल्या गोड सफरचंदाची उपमा आहे. सफरचंद तोडणारे ते विसरून गेले, असं ती म्हणते आणि लगेच स्वतःलाच दुरुस्त करते: नाही, विसरले नाहीत, त्यांचा हात पोचला नाही. फळाचीच उपमा, मुक्तछंद, पण खुडायच्या फळाची नव्हे. हाती न लागणं हाच तिच्या सौंदर्याचा भाग आहे. तीच सॅफो दुसऱ्या ठिकाणी एका दूर गेलेल्या मैत्रिणीला, सूर्य मावळल्यावर सगळ्या ताऱ्यांना मागे टाकणारा चंद्र म्हणते, आणि मग तिचं चांदणं खाऱ्या समुद्रावर आणि फुललेल्या शेतांवर सारखंच पसरलेलं दाखवते. इथेही अनवट यांचं अंतर आहेच.

दुसरं उदाहरण बायबलमधल्या 'गीतरत्ना'चं. त्यात दोघंही बोलतात. तो तिचं वर्णन करतो: केस गिलाद डोंगरावरून उतरणाऱ्या शेळ्यांच्या कळपासारखे, दात नुकत्याच कातरून धुतलेल्या मेंढ्यांसारखे, एकीचंही जुळं हरवलेलं नाही. आजच्या कानाला हे विचित्र वाटतं, पण डोळे मिटून काळ्या शेळ्यांचा कळप उतारावरून हलत खाली येताना बघा, सुटलेल्या केसांची ती लय तंतोतंत आहे. आणि मग तीही त्याचं वर्णन करते. त्याचे केस कावळ्यासारखे काळे, डोळे ओढ्याकाठच्या, दुधात न्हालेल्या पारव्यांसारखे. बघण्याचा हक्क दोघांना सारखा.

रानवारा

संगम कवितेतही नायिका भरपूर बोलते, आणि औवैयारसारख्या कवयित्रीही तिथे आहेत. कुरुंतोहैतल्या तिसऱ्या कवितेत ती म्हणते, पृथ्वीहून मोठं, आकाशाहून उंच, समुद्राच्या पाण्याहून खोल असं माझं त्याच्याशी नातं आहे. तो कोण, तर ज्याच्या डोंगरउतारावर काळ्या देठांच्या कुरिंजीच्या फुलांतून मधमाशा मध करतात त्या देशाचा. तिला तो 'माझा देखणा' म्हणून सांगावा लागत नाही. त्याचा डोंगर सांगितला की पुरतं. कुरिंजी बारा वर्षांनी एकदा फुलते, तेवढी वाट त्या मधात आहे.

कोरा कागद

उर्दूचा उल्लेख अजून कसा नाही? मीर तकी मीरचा शेर सगळ्यांना पाठ आहे:

नाज़ुकी उसके लब की क्या कहिए
पंखुड़ी इक गुलाब की सी है

ओठ आणि गुलाबाची पाकळी, याहून झिजलेली जोडी शोधून सापडणार नाही. तरी हा शेर झिजत नाही. का, याचा मी खूप विचार केला आहे. पहिल्या ओळीत तो म्हणतो की त्या ओठांच्या नाजूकपणाबद्दल काय बोलावं. म्हणजे बोलणं शक्य नाही हे आधीच मान्य. आणि मग, थोडं थांबून, अगदी साध्या बोलीत, जे पहिलं सुचलं ते. एकच पाकळी, अख्खं फूल नव्हे. दुसऱ्या ओळीत एकही भारदस्त शब्द नाही. बोलता बोलता ओठ जेवढे हलतील तेवढीच ती ओळ हलते. अलंकारातला दिमाख काढून घेतला की जुनं उपमान पुन्हा मऊ होतं.

झिजण्याबद्दल बोलायचं तर युरोपात हे जाहीरपणे झालं. इटालियन कवी पेत्रार्काने चौदाव्या शतकात त्याच्या प्रिय लॉरावर लिहिलेल्या कवितांनंतर दोन-अडीचशे वर्षं सगळीकडे सूर्यासारखे डोळे, पोवळ्यासारखे ओठ, बर्फासारखी छाती. मग शेक्सपिअरचं १३० वं सुनीत, १६०९ साली छापलेलं. माझ्या सखीचे डोळे सूर्यासारखे मुळीच नाहीत, तिच्या ओठांहून पोवळं लाल, तिच्या गालांवर मला गुलाब दिसत नाहीत, चालते तेव्हा ती जमिनीवर पाय टेकते. आणि शेवटी, तरीही खोट्या उपमांनी सजवलेल्या कुठल्याही बाईइतकीच ती मला दुर्मिळ वाटते. अनेकांना ती थट्टा वाटते, मला ती कळकळ वाटते. जमिनीवर पाय टेकून चालणारी बाई हीच हवी आहे, असं तो सांगतो आहे.

आडवाट

चीनच्या 'शिजिंग' या प्राचीन संग्रहात एका राजवधूची स्तुती आहे. हात कोवळ्या कोंबांसारखे, कांती गोठलेल्या चरबीसारखी, मान भुंगेऱ्याच्या पांढऱ्या अळीसारखी, दात दुधीच्या बियांसारखे, भुवया रेशीमकिड्याच्या पतंगासारख्या. अळी वाचून मी अडखळलो होतो, पण पांढरी, लांबट, मऊ मान मनात आणली की अळीला नकार देता येत नाही. पण धाग्याशी जोडलेली गोष्ट पुढे आहे. या सगळ्या यादीनंतर दोन ओळी येतात ज्यात उपमाच नाही: तिचं ते लाघवी हसणं, ते सुंदर डोळ्यांचं फिरणं. कन्फ्यूशियसशी त्याच्या शिष्याने चर्चा केली ती या ओळींची. यादीत ती चित्रासारखी स्थिर आहे. हसली आणि डोळे फिरले तेव्हा जिवंत झाली.

पहिला पाऊस

इतक्या जाणत्या लोकांमध्ये विचारायला संकोच वाटतो, पण मी स्वतः कविता लिहितो म्हणून विचारतो. चंद्र लिहिला की लोक जुना म्हणतात. नवं म्हणून काहीतरी विचित्र आणलं की ओढूनताणून म्हणतात. आज प्रेमकविता लिहिणाऱ्याने निसर्गाकडे जावं की नाही?

जुनी वही

जरूर जावं. मराठीतच वाटा सापडतील. बोरकरांची ओळ बघा:

तव नयनांचे दल हलले ग!
पानावरच्या दंवबिंदूपरी त्रिभुवन हे डळमळले ग

डोळ्याला पाकळी म्हणणं जुनं. पण दंवबिंदूची उपमा तिच्या डोळ्याला नाही, त्रिभुवनाला आहे. तिची पापणी हलली आणि जग पानावरच्या थेंबासारखं घरंगळायला आलं. तिच्या वर्णनासाठी निसर्ग आणण्याऐवजी तिच्यामुळे निसर्गाचं काय झालं ते लिहिलं.

दुसरी वाट उलटी. बालकवींच्या फुलराणीत फूल हीच तरुणी आहे, लग्न तिचं रविकिरणाशी आहे. मर्ढेकरांनी तर मुंबईच्या बंदरावरच्या माघातल्या पहाटेला 'न्हालेल्या जणु गर्भवतीच्या सोज्वळ मोहकतेने' येताना पाहिलं. इथे बाई उपमान झाली. पहाट कशी आहे हे कळण्यासाठी आधी त्या बाईचं सौंदर्य मान्य करावं लागतं, आणि ते सोळा वर्षांच्या कमळाक्षीचं नाही, नुकत्याच न्हालेल्या गर्भवतीचं आहे. मुक्तछंद, कवितेत ज्यांच्या रूपाकडे कुणी बघत नव्हतं त्यांच्याकडे नजर वळवणं हेही उपमेलाच जमतं.

अनवट

पहिला पाऊस, जुनी वही यांच्याशी सहमत, एक भर घालतो. चंद्र हे एक उपमान नाही, त्याची किमान दोन टोकं आहेत. ती जवळ असताना तो गार आणि ती नसताना जाळणारा. ज्ञानेश्वरांच्या विरहिणीत चंदनाची चोळी सर्वांग पोळते, आणि चांदणं, चाफा, चंदन यांतलं काहीच देवकीनंदनाविण आवडत नाही. चंदनाचा गुण बदलला नाही, सोबत बदलली. तेव्हा चंद्र जुना आहे की नवा हा प्रश्न मी बाजूला ठेवीन. तुमच्या कवितेतली दोन माणसं त्या रात्री कुठे आहेत, एका छताखाली आहेत की दोन गावांत, बोलताहेत की अबोला आहे, हे आधी ठरवा. चंद्र कलेकलेने कमी होतो, उशिरा उगवतो, ढगात जातो, दिवसाही फिकट दिसतो. यातलं नेमकं काय त्या दोघांच्या कामाचं आहे ते निवडा. आणि झाड आणाल तर नाव घेऊन आणा. नुसतं 'फूल' लिहिलं की ते कधी उमलतं, किती तास टिकतं, वास रात्री येतो की दिवसा, हे सगळं हातातून जातं, आणि कविता तर त्यातच असते.

पहिला पाऊस

मनापासून आभार. अर्धवट राहिलेली एक कविता आता परत उघडतो. त्यात नुसतं 'फूल' आहे.

मुक्तछंद

अनवट, शाकुंतलाबद्दलचं तुमचं उत्तर मला बरंचसं पटलं, पूर्ण नाही. पात्राचा दोष आणि कवीचं मत वेगळं, हे मान्य. पण शतकानुशतकं लोकांनी पाठ केला तो फुलाचा श्लोक, तिचं 'अनार्य' नाही. याची जबाबदारी वाचणाऱ्यांकडे, म्हणजे आपल्याकडे येते.

तुमच्याच कवीतून 'तिला काय वाटतं' याचं एक उदाहरण मला सापडलं, ते देते. विक्रमोर्वशीय या नाटकाचा चौथा अंक. अप्सरा उर्वशी रागाच्या भरात कार्तिकेयाच्या निषिद्ध वनात शिरते आणि वेल होते. तिचा प्रियकर राजा पुरूरवा वेड्यासारखा रानभर तिला शोधतो. मोराला, कोकिळेला, भुंग्याला, हत्तीला विचारतो. हंसाला तर चक्क चोर ठरवतो: तिची चाल तुझ्याजवळ सापडली आहे, चोरीतला एक भाग सिद्ध झाला की सगळा ऐवज परत करावा लागतो, तेव्हा माझी प्रिया परत दे! 'हंसगामिनी' ही शिळी उपमा इथे पुरावा म्हणून न्यायालयात उभी राहते. नदी दिसते तर तिच्या लाटांत त्याला भुवया दिसतात, कलकलणाऱ्या पक्ष्यांच्या रांगेत कंबरपट्टा. शेवटी एका फुलं नसलेल्या वेलीत त्याला ती भासते, तो वेलीला मिठी मारतो, आणि संगमनीय, म्हणजे ताटातूट झालेल्यांना जोडणाऱ्या, मण्याच्या प्रभावाने वेलीची उर्वशी होते.

इथवर सगळा त्याचाच खेळ आहे. पण परत आल्यावर ती म्हणते की बाहेरची इंद्रियं नसली तरी आतल्या इंद्रियांनी महाराजांचा सगळा वृत्तांत मला प्रत्यक्ष दिसत होता. म्हणजे तो हंसाशी भांडत होता, नदीला तिची भुवई म्हणत होता, तेव्हा वेल ते सगळं जाणत होती. जिला उपमान करून टाकलं होतं तिला स्वतःचं मन होतं, आणि ते कालिदासानेच तिच्या तोंडून वदवलं आहे. जुनी वही, तुम्हाला संस्कृत मूळातून येतं, तर या अंकावर वेगळा धागा काढाल का? त्यातल्या प्राकृत ओळींचा अर्थ मला नीट लावून हवा आहे.